कानतुटका कप

स्वातंत्र्यानंतरच्या नगरपालिका निवडणुकीत कल्याणला आमच्या ओट्यावर एक मुसलमान पुढारी मतं मागायला यायचे. अंगात खादी, बेचाळीसला तुरुंगात गेलेले. त्यांच्यासाठी आमच्याकडे वेगळा, कानतुटका कप होता. चहा पिऊन ते तो स्वतःच विसळून पालथा ठेवत; आम्हाला सांगायची वेळ येऊ देत नसत.

एकदा सासऱ्यांनी टोमणा मारला, "काय मियाँ, अजून इथेच? पाकिस्तानात नाही गेलात?"

ते हसले. "महायुद्धाच्या वेळी मोहल्ला विचारायचा, हिंदूंत कशाला जातोस? आता तुम्ही हे विचारता. काका, निवांत काय तो तुरुंगातच होतो."

सासरे सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, यांचा चहा घरातल्या कपात आण."

मी तोच भरत होते. कानतुटका मी सकाळीच उकिरड्यावर टाकला होता.