निखतचा बुधवार

निखत अमरावतीच्या एका संस्थेत समुपदेशक होती. दोन हजार पंधरा-सोळा सालचे ते दिवस. कपाशीनं ऐन बोंडं धरायच्या वेळी पाऊस दडी मारायचा आणि गावोगावची धडधाकट माणसं ओट्यावर घुम्यासारखी बसून राहायची. त्यांच्या घरच्या बायकांसाठी संस्थेनं बैठका सुरू केल्या होत्या. निखतकडे तेल्हारा तालुका आला होता. महिन्यातून दोनदा ती अकोटमार्गे हिवरखेडला जायची. ती सल्ले कमी द्यायची आणि चहा हक्कानं मागून घ्यायची, त्यामुळे बायकांना ती आवडायची.

तिचा स्वतःचा संसार दोन शहरांत वाटलेला होता. अकरावीतल्या अलीझाच्या क्लासेसपायी मायलेकी अमरावतीला राहायच्या. नवरा फारुख अकोल्यात. तिथं त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, आणि घरी त्याची म्हातारी आई, नसीमबानो, सगळ्यांची अम्मी. शनिवारी संध्याकाळी दोघी अकोल्याला जायच्या आणि सोमवारी सकाळी परतायच्या. फारुख म्हणायचा, "रोज भेटणारे नवरा-बायको भांडतात. आपल्याले तेवढा टाइमच कुठी आहे?"

वेळेचीच तर ओढाताण होती. ऑफिसनं निखतला एक टॅब दिला होता. ऑफिसच्या संगणकावर कोणी बैठक टाकली, की ती टॅबच्या कॅलेंडरात आपोआप उमटायची. घरचं सगळं, म्हणजे अलीझाच्या परीक्षा, अम्मीचा दवाखाना, नात्यातली लग्नं, ती स्वतःच्या फोनमध्ये टाकायची. टॅबला फोनचं ठाऊक नव्हतं आणि फोनला टॅबचं.

मग व्हायचं ते झालं. अम्मीच्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं; दवाखान्यानं ते अलीकडे, गुरुवारी ओढलं. फारुखनं फोनवर घाईत सांगितलं, निखतनं भर रस्त्यात उभं राहून फोनमध्ये टाकलं, आणि फोन आहे ना आठवण करून द्यायला, म्हणून डोक्यातून काढून टाकलं. टॅबवर त्याच गुरुवारची हिवरखेडची बैठक उमटली. गुरुवारी सकाळी तिनं टॅब पाहिला आणि निघाली. फोननं आठवण करून दिली, नाही असं नाही. पण तो पिशवीच्या तळाशी होता आणि जीप धडधडत होती.

बैठक भरात असताना फारुखचा फोन आला. "निखत, कुठी आहेस तू? अम्मीले आत घेऊन राहिले ना!"

गटाची प्रमुख मनकर्णाबाई तिचं तोंड पाहूनच उठली. "जाय ताई तू. आमी बसतो आमचं आमी. बोलणं काय तुलेच येते?"

निखत अकोल्याला पोचली तेव्हा अम्मी डोळ्यावर पट्टी बांधून बिस्किट खात होती. निखतनं तिचे पाय धरले. अम्मी म्हणाली, "एक डोळा बंद आहे माझा. दुसऱ्यानं तुले रडताना पाहू का बिस्किट पाहू?"

फारुखनं सकाळपासून एकट्यानं धावपळ केली होती, ते त्याच्या घामेजलेल्या शर्टावरून कळत होतं.

त्या रविवारी निखत त्याच्या दुकानातल्या बाकावर टॅब आणि फोन मांडीवर घेऊन बसली. दोन्ही कॅलेंडरं एक केल्याशिवाय उठायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पहिल्या खटपटीत प्रत्येक गोष्ट दोनदा दिसायला लागली. अम्मीची तपासणी दोनदा, अलीझाचा वाढदिवस दोनदा. "दोन केक आणा लागतीन," फारुख मोटार उघडता उघडता म्हणाला. तिनं जादाचं पुसलं, ऑफिसचं खातं फोनमध्ये घेतलं, घरचं कॅलेंडर फारुखच्या फोनवर आणि ऑफिसकडे खुलं केलं, आणि सगळं जुळलं म्हणून समाधानानं चहा प्यायली.

सोमवारी अकोल्याच्या घरात सगळे गाढ झोपेत असताना पहाटे पाचला टॅब कोकलायला लागला. साडेदहाची बैठक सुरू झाली, असं त्याचं म्हणणं होतं. टॅबचं घड्याळ कुठंतरी परदेशच्या वेळेवर राहिलं होतं. अम्मी उठून बसली आणि म्हणाली, "हे मशीन अजानच्या आधी उठते व्हय!"

ते घड्याळ निखतनं गाडीतच दुरुस्त केलं. खरी गंमत दुपारी झाली. फारुखचा फोन आला.

"निखत, बुधवारी संध्याकाळी सहा वाजता 'पोहणे' असं लिहून आहे. हे काय आहे?"

घरचं कॅलेंडर खुलं करताना आपण त्यात काय काय लिहिलंय, याचा तिला विसर पडला होता. दोन महिन्यांपासून ती अमरावतीच्या पोहण्याच्या तलावावर बायकांच्या बॅचला जात होती. कोणालाच सांगितलं नव्हतं, अलीझालासुद्धा नाही. माहेरी परतवाड्याला लहानपणी भाऊ बिच्छन नदीत उड्या मारायचे आणि ही काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. अडतिसाव्या वर्षी तिला वाटलं, आता तरी. लोक काय म्हणतील, फारुख काय म्हणेल, म्हणून ती ओले केस स्कार्फखाली बांधून घरी यायची.

"शिकून राहिली मी," ती म्हणाली. "पूर्ण कपड्यांत असतो आम्ही. फक्त बायका."

"ते नाही विचारलं मी. येते का तुले?"

"थोडं थोडं. अर्ध्यापर्यंत जाते."

पलीकडे दुकानातली ठोकाठोकी थांबली. मग फारुख म्हणाला, "म्हणून बुधवारी तू फोन उचलत नाही. अन् मी समजत होतो, रागावून राहिली."

संध्याकाळी तिनं फोन उघडला तर बुधवारच्या त्या चौकोनात आणखी एक ओळ आली होती: 'या टायमाले निखतले फोन करू नये. फारुख.'

ती ओळ ऑफिसातही सगळ्यांनी वाचली. तिचे वरिष्ठ ओमप्रकाशजी मंगळवारी तिच्या टेबलाशी येऊन उगाच खाकरले. बुधवारची साडेपाचची आढावा बैठक त्यांनी चारला घेतली होती. "माझी मिसेस विचारत होती," ते म्हणाले, "त्या बॅचमध्ये जागा आहे का?"

निखत इतकी हसली, की तिलाच नवल वाटलं. मग तिनं घरचं कॅलेंडर ऑफिससाठी बंद केलं. तिथं आता नुसतं 'व्यस्त' एवढंच दिसायचं. पण बुधवार तिनं तसाच उघडा राहू दिला.

पुढच्या खेपेला तिनं हिवरखेडच्या बायकांना ही सगळी हकीकत सांगितली. हसणं ओसरल्यावर मनकर्णाबाई म्हणाली, "तुमच्या त्या मशीनमंदी आमचे दिवस काहून नाहीत? कापसाची वेचणी असली का तुमी मीटिंग ठेवता. मजुरी सोडून बसा लागते."

निखतला हे कोणी आजवर सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. तिनं टॅब तिथंच उघडला. बायकांनी निंदणीचे दिवस सांगितले, वेचणीचे सांगितले, बाजाराचा वार सांगितला. ते सगळं निखतनं हिरव्या रंगात टाकलं, म्हणजे अमरावतीत बसून बैठक ठरवणाऱ्याला आधी ते दिसावं.

वेचणी सरल्यावर बैठक झाली. चतुराबाई नावाची एक विधवा बाई वर्षभर दाराशी बसायची आणि कामाची वेळ झाली की अर्ध्यातून न बोलता उठून जायची. त्या दिवशी तिला कुठं जायचं नव्हतं. ती सरकत सरकत चटईच्या मध्यावर आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मले बी सांगायचं हाय." निखतनं टॅब पालथा ठेवला आणि तिच्याकडे तोंड करून बसली.