वजनाचा काटा

सेलूच्या जिनिंगवर कापूस मोजायला नेला की मी काट्याकडे पाठ करून उभा राहतो. हमाल वैतागतो, "काका, आकडा बघा तरी."

तरुणपणी चारठाण्याच्या कबड्डीला असाच काटा मैदानावर आणला होता. सामने वजनी गटाचे. पंचावन्न किलोच्या वर भरला की खेळाडू बाद. मी कप्तान. दोन दिवस आधीपासून पोरांना भर उन्हात स्वेटर घालून पळवायचो, पाणी बंद ठेवायचो. बाकीचे चोरून प्यायचे. सगळ्यात लहान बालाजी, हा एकटा मूर्ख माझं ऐकायचा. त्याचा राग अजून येतो.

"दादा, घोटभर पिऊ का? घसा लय सुकलाय."

"काटा होऊ दे, मग हौद पी. नाटकं करू नको."

काट्यावर तो साडेचोपन्न भरला. मी टाळ्या वाजवल्या आणि लगेच सामना लागला. पहिल्याच चढाईत बालाजी कोसळला, तो उठलाच नाही. ऊन लागलं, असं सगळ्यांनी त्याच्या आईला सांगितलं. मीही तेच सांगितलं. पाणी मी बंद केलं होतं, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

अरे, चोरून प्यायचं होतंस की. अर्ध्या किलोची जागा होती. दोन पेले आरामात बसले असते.