विझलेले कण

लहानपणी माझं वाचन भिंतींवर झालं. आमच्या गल्लीतले काका पत्रकं लिहून भिंतींवर चिकटवायचे. नात्याचे नव्हते, पण नात्याहून जवळचे. ज्वारीच्या पिठाची खळ घेऊन मी त्यांच्या मागं फिरायचे. "पयलं वाक्य चालता चालता वाचता आलं पायजे," ते सांगायचे. "आन् लोकांला खरं सांगायचं. पुढचं लोक ठरवतील." पुढं गावात सहकारी पाणीसंस्था निघाली, काका अध्यक्ष झाले. मला तो आमचाच विजय वाटला.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात संस्थेनं गेवराईच्या रस्त्याला नवं बोअर घेतलं आणि तेच पाणी नळाला सोडलं. बोअरशेजारच्या शेडमध्ये ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. मी तेव्हा शहरात रसायनशास्त्र शिकत होते. आमच्या प्रयोगशाळेत नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कण तयार करत. त्यांच्यावर चढवलेला रंग निळ्या प्रकाशात, सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकतो. पाण्यात शिशाचे आयन असले, की ते त्या रंगाला धरतात आणि कण विझतात.

मी गावाहून नळाचं पाणी नेलं, शाळेजवळच्या हातपंपाचंही नेलं. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात कण टपोरे, हिरवेगार दिसले. हातपंपाच्या पाण्यात जवळजवळ तसेच. नळाच्या पाण्यात मला वाटलं, दिवाच लागला नाही. काचपट्टी बदलली, दुसरी बाटली उघडली. पुन्हा अंधार. घरी वहिनीचं बाळ नुकतंच वरचं पाणी प्यायला लागलं होतं.

मी गावी गेले ती थेट काकांकडे. शुद्ध पाण्याचा आणि नळाच्या पाण्याचा, असे सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले दोन फोटो त्यांच्या हातात दिले.

"सरकारी तपासणी करून घेऊ. तोवर प्यायला तरी हातपंपाचं वापरा म्हणून सांगा," मी म्हणाले.

त्यांनी विझलेल्या कणांचा फोटो उजेडात धरून बघितला. "लई भारी काम केलंस, पोरी. सभेत दोन्ही दावतो."

काका सगळ्यांनाच सांगतील म्हणून मी घरीही काही बोलले नाही. सभा दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर भरली. काकांनी पुठ्ठ्यावर चिकटवलेला एकच फोटो उंच धरला. "आपल्याच पोरीनं तपासलंय. बघा, आपल्या नळाचं पाणी कसं चमकतंय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटलेले तीन कण होते. ते मी ओळखले आणि उठले.

"हा आपल्या पाण्याचा न्हाई. हे प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी हाय."

"मग आपल्या पाण्याचा कुठंय?" मागून कुणी विचारलं.

"काकांजवळ."

काका हसले. तेच हसू, जे बघून मी भिंतींवर चढत असे. "माझ्याकडं तर एवढाच हाय, बाई. तुझ्याकडं असंल तर दाव."

दुसरी प्रत शहरात, प्रयोगशाळेच्या संगणकात होती. "शिकली की पोरीला सगळंच नासकं दिसतं," कुणीतरी म्हणालं. पारावरचे सगळे हसले. मी खाली बसले.

रात्री मनाला समजावत होते की काका घाबरले असतील. बोअर बंद केलं तर गाव काय पिणार, याच धास्तीनं त्यांनी असं केलं असेल. त्यांच्यासाठी एवढी सबब मी स्वतःच शोधून ठेवली होती.

सकाळी घागर घेऊन हातपंपावर गेले. काकांच्या पत्नी, काकू, दांडा मारत होत्या.

"आता आलीस व्हय? मला वाटलं, तुमच्या घरी तर हितलं पाणी आधीच चालू झालं असंल."

"तुमी कधीपासून नेता, काकू?"

"तू ते फोटो दावून गेलीस ना, त्याच सांजेपासून. प्यायला नळाचं घ्यायचं न्हाई, म्हनले हे. का म्हून, ते काय सांगितलं न्हाई."

त्यांनी माझी घागर भरली आणि हात लावून डोक्यावर चढवली. सभेत काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी पुढं जे लिहिणार होते, ते त्यांच्याही जिव्हारी लागणार होतं, हे मला कळत होतं.

घरी आल्यावर मी आधी वहिनीच्या माठातलं नळाचं पाणी अंगणात ओतलं. मग खळ शिजत ठेवली आणि कागद घेतला. पहिलं वाक्य चालता चालता वाचता येईल एवढंच होतं: अध्यक्षांच्या घरी हातपंपाचं पाणी पितात.