खांबांच्या जागी नवरे

मला ओरडून भाजी विकता येत नाही. नगरमध्ये पुलाखाली मेथी, शेपू घेऊन बसायचे तेव्हा गिऱ्हाईक खांबाच्या खुणेने यायचं. मी तिसऱ्या खांबाची. मग पूल पाडला आणि रस्त्याच्या मधोमध नुसती लांबट मोकळी जागा उरली. तिथे भाजीवाल्यांना ओटे मिळणार होते, जी जिथे बसायची तिला तिथेच.

मोजणीचे साहेब आले. कोण कुठे बसायचं विचारलं की सगळ्याजणी खांबच सांगायच्या. साहेब कंटाळले. "मग खांब उभे करा," म्हणाले.

पहिल्या खांबाची मावशी म्हणाली, "खांब कुठनं आनू सायेब? नवरा हाय, त्यो उभा करते."

साहेब हसले नाहीत. "चालेल."

दुसऱ्या दिवशी ज्या त्या बाईने आपला नवरा आणला. परक्या पुरुषाला टेकून कसं बसणार? नवरे अंदाजाने उभे केले आणि आम्ही पाठी लावून बसलो. "कुणी हलू नका," म्हणत साहेब खुणेची फक्की आणायला गेले.

ऊन चढलं. पहिल्या खांबाकडे तंबाखू होती, चौथ्याकडे चुना. चौथा पहिल्याकडे निघाला, मागोमाग बाकीचे. खांब सोडला तर जागा जाईल म्हणून बायकाही टोपल्या उचलून खांबामागे गेल्या. आमचे तंबाखू खात नाहीत.

मावशी लांबून म्हणाली, "अगं, तुझा खांब हलव की. एकटी पडशील."

मी हळूच यांना विचारलं, "आपनबी जायचं का?"

"सायबानी हलू नका म्हनलंय."

साहेब आले आणि जी जिथे दिसली तिथे फक्की टाकून गेले. परक्यांपुढे माझं तोंड उघडत नाही. बाकीच्यांचे ओटे एकमेकांना चिकटून झाले, माझा लांब एकटा.

पहिल्या दिवशी माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. हाक मारायची म्हणून तोंड उघडलं, नुसते ओठ हलले. मेथी सुकली, ती घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओट्याशेजारी येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "घरी जा, लोक बघत्यात." गेले नाहीत. खांबांच्या जागी नवरे उभे केल्याची गोष्ट तोवर गावभर झाली होती.

थोड्या वेळाने माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक बाई सरळ आमच्याकडेच आल्या. यांच्या कोपराला पिशवी अडकवून त्यांनी मेथीची जुडी उचलली.

"तिसरा खांब ना?"

हे म्हणाले, "व्हय."