विमलताईंचा उजवा खांदा

पालेगावातल्या एका घरावर मी भाड्याच्या गाडीतून पाळत ठेवत होतो. तिसऱ्या दिवशी काचेशी कोणीतरी वाकलं. डाव्या हातात चहाचा कप घेऊन त्या घरातल्या विमलताईच उभ्या होत्या.

"विम्याचे ना तुम्ही? उन्हात कशाला बसता? त्या जांभळीखाली लावा गाडी. तिथनं दार पण नीट दिसतं."

आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या मशीनमध्ये त्यांचा उजवा हात ओढला गेला होता. हाडं जुळली, पण खांदा कामातून गेला. त्यांचा अपंगत्वाचा दावा खरा की खोटा, हे विमा कंपनीला बघायचं होतं. त्यासाठी मी आणि माझा कॅमेरा.

विमलताई आपल्या उजव्या हाताशी रुसलेल्या लेकराशी बोलावं तसं बोलत. "चल रे बाबा, आज तरी पदर खोचू दे." शेजारीण केस विंचरून द्यायला यायची, ती दबक्या आवाजात सांगायची, "अगं, शूटिंग करतोय तो. जपून."

"करू दे की. खरं तेच दिसणार ना त्याला?"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कॅमेऱ्यावर इतका विश्वास ठेवणारं माणूस मी आमच्या धंद्यात दुसरं पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी त्यांच्या सासूबाई ओट्याच्या पायरीवरून घसरल्या. विमलताई धावल्या आणि दोन्ही हातांनी त्यांना उचलून ओट्यावर बसवलं. माझं रेकॉर्डिंग चालू होतं. बसवताच विमलताईंचा चेहरा पिळवटला. ते टिपायची मला लाज वाटली, मी कॅमेरा बंद केला. पुढच्या क्षणी त्या खांदा धरून मटकन खाली बसल्या. कळ इतकी जबर होती की ओकल्या. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो. त्यामुळे व्हिडिओत फक्त उचलणं राहिलं.

अहवालात मी पुढचं सगळं लिहिलं होतं. साहेबांनी त्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"हे व्हिडिओत आहे?"

"नाही सर. पण मी स्वतः पाहिलंय."

"मग काढ. तुला पुरावा आणायला पाठवलं होतं, साक्ष द्यायला नाही."

मी काढला. नोकरी नवीन होती, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. आता तेही सांगत नाही.

दावा नामंजूर झाला. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेलो. विमलताई डाव्या हातानं तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला सारून कंपनीचं पत्र माझ्यापुढे धरलं.

"यात लिहिलंय, मी वजन उचलते म्हणून. तुम्ही तर होता तिथं. नंतर मला काय झालं, ते सांगितलं नाही का त्यांना?"

"सांगितलं, ताई," मी म्हणालो.

त्यांनी पत्र मांडीवर ठेवून एका हातानं दाबत दाबत त्याची घडी घातली.

"मग जाऊ दे. तुमच्यानं झालं तेवढं केलंत. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."