फॉर्मवर चोवीस, मीटरवर बावन्न

गेल्या मंगळवारी मुरबाडच्या आमच्या कंपनीत माझ्या बाईकचा मीटर सगळ्यांसमोर वाचला गेला... तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

कंपनी छोटीच, पुठ्ठ्याचे बॉक्स बनवते. मी मशीनवर असतो. मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितलंय, कार्बनचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे. म्हणजे आपल्यामुळे वर्षभरात हवेत किती धूर जातो ते आधी मोजायचं, बाहेरचा माणूस ते तपासणार, मग दरवर्षी कमी करून दाखवायचं.

विजेची बिलं, जनरेटरचं डिझेल... इथपर्यंत समजलं. पण कामगार घरून कसे येतात तेही धरतात म्हणे. गाडी माझी, पेट्रोल माझं, मग धूर कंपनीच्या नावावर कसा? हे अजून कळलेलं नाही.

हे मोजायचं काम मयुरीकडे. कॉलेजात माझ्याच वर्गात होती. मी सेकंड इयरला सरांशी भांडून जो बाहेर पडलो तो परत गेलोच नाही, तिने डिग्री घेतली. इथे ती सहा महिन्यांच्या करारावर आहे, सर्टिफिकेट मिळालं तरच कायम होणार.

माझं घर सरळगावजवळ, कंपनीपासून बारा किलोमीटर. मयुरी किन्हवलीची, प्रवासी जीपने येते. आणि मी... रोज सकाळी आधी उलटा किन्हवलीला जातो, मग तिच्या जीपच्या मागे मागे कंपनीपर्यंत. बोलत काही नाही. नुसता येतो.

फॉर्म देताना ती म्हणाली होती, "खरं लिही हां." मी जाऊन येऊन चोवीस लिहिले. खरे बावन्न लिहिले असते तर वरचे अठ्ठावीस कशाचे, तेही सांगावं लागलं असतं.

मला काय माहीत, तपासणीवाले साहेब गेटवरच्या गणपतकाकांना दहा गाड्यांचे मीटर टिपायला लावतील. आदल्या संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा. त्या दहांत माझी गाडी. मंगळवारी काकांनी दोन्ही आकडे सगळ्यांसमोर वाचले, फरक बावन्न.

साहेबांनी फॉर्म पुढे धरला आणि मयुरीला विचारलं, "मॅडम, हे आकडे तुम्ही टेबलावर बसूनच भरलेत का?" तिचा चेहरा उतरला. माझं डोकं फिरलं.

"तिला काय बोलू नका. खोटं मी लिहिलंय. मी किन्हवलीवरून येतो."

"तिथे काय काम असतं?"

गणपतकाका शांतपणे म्हणाले, "काम काय नाय साहेब, तिथून जीप सुटते." मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मयुरीने मान वर केली नाही, पेनाने चोवीस खोडून बावन्न केले.

एका खोट्या फॉर्मपायी सगळ्या कामगारांचे फॉर्म नव्याने भरायला लागले. दोन दिवस ती एकेकाला गाठून विचारत होती, मी गेटवर उन्हात उभा राहून मीटर लिहून देत होतो. शुक्रवारी साहेबांनी आकडे मान्य केले... तेव्हा कुठे मला घास गेला.

संध्याकाळी ती पार्किंगमध्ये आली. "जीप तर तशीही येतेच. तुझेच वरचे अठ्ठावीस फुकट जातायत. सोमवारपासून घरून थेट ये." मी मान हलवली. जाता जाता म्हणाली, "रोज मागे कोणीतरी असलं की कसं वाटतं, ते तरी कधी विचारायचंस रे."

कसं वाटतं म्हणजे? भीती? राग? का... रविवारभर हेच. आईने दोनदा विचारलं, बरं नाय का तुला.

सोमवारी थेट आलो. वीस मिनिटं आधीच पोचलो, गेटच्या आत काकांच्या खुर्चीजवळ उभा राहिलो. जीप आली. मयुरी उतरली, आणि गेटकडे वळायच्या आधी थांबून मागच्या रस्त्याकडे बघत राहिली... बराच वेळ.

मी नाही याची खात्री करत होती, की मी का नाही हे बघत होती? काकांना विचारलं. ते म्हणाले, "मला फक्त मीटर वाचता येतो रे बाबा."

काका, मंगळवारी तुम्ही तो खरा वाचलात, त्याबद्दल आभार. उद्या तिला गेटवर समोरून विचारणार आहे... मागून नाही.