झेंडू कधी बोलतो का

कॉलेज रोडवरच्या त्या क्लासमध्ये मी मराठी शिकवायचे आणि पलीकडच्या खोलीत एक सर इंग्रजी. मधे नुसती प्लायवुडची भिंत, त्यामुळे त्यांचे इंग्रजी अलंकार मला वर्षानुवर्षं ऐकावे लागले. "लाइक किंवा अ‍ॅज दिसलं की सिमिली. झाडं, वस्तू माणसांसारखी वागली की पर्सॉनिफिकेशन. पाठ करा, मोकळे व्हा." प्रत्येक वाक्याला डस्टर टेबलावर आपटायचे. कविता कशाबद्दल आहे, हे मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

एकदा त्यांनी पर्सॉनिफिकेशनचं उदाहरण विचारलं. मखमलाबादची एक मुलगी उठली. तिच्या घरची फुलशेती होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं, बाजारातून न खपता परत आलेला झेंडू घरात कुणाशी बोलत नाही.

"काय गं, झेंडू कधी बोलतो का?" ते म्हणाले. "गाईडमधलं सांग."

वर्ग खदखदून हसला. त्यानंतर त्या मुलीचा आवाज भिंतीपलीकडून कधी आला नाही. ती भिंत लाथेने पाडावी, असं मला कितीदा वाटलं.

पुढे क्लास बंद पडला. काही वर्षांनी ते भाजीबाजारात भेटले. बायको गेली होती, मुलगा परगावी होता. हातातली मेथीची जुडी उगाच झटकत म्हणाले, "मॅडम, आताशा घर खायला उठतं हो."

अशा वेळी लोक मान हलवतात. मी नाही हलवली.

"घर कधी खातं का, सर?" मी विचारलं.